अकरा वर्षांचं अखंड लेखन

हात वर करायचं देवदत्त सुभेदारांच्या मनात अजिबात नव्हतं. तो आपोआप वर गेला, असं त्यांनी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. कारण जबलपुरात तोंडावर कोणी कोणाचं मन मोडत नाही.

झालं असं की, रविवारी सकाळी मराठी मंडळात व्याख्यान होतं. नागपूरहून यशश्री नावाची एक तरुण लेखिका आली होती आणि विषय होता 'रोज लिहिण्याची सवय'. श्रोते चाळीस. त्यातले निम्मे व्याख्यानासाठी आले होते आणि निम्मे नंतरच्या पोह्यांसाठी. पण कोण कुठल्या निम्म्यातला, हे पोहे येईपर्यंत कळायला मार्ग नसतो. बोलता बोलता तिने विचारलं, "इथे रोज लिहिणारं कोण कोण आहे?"

एकही हात वर गेला नाही. पंखा तेवढा फिरत होता. मंडळाचे सचिव भय्यासाहेब पहिल्या रांगेतून मागे वळून एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. नागपूरच्या पाहुणीसमोर जबलपूरच्या मराठी माणसांची इज्जत जाणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आता देवदत्तरावांची छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत गेलेली. फॉर्ममध्ये रिकामा रकाना दिसला की तो भरल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. समोर एवढा मोठा रकाना रिकामा, आणि भरायला कोणी नाही. हात गेला वर.

"अरे वा! किती वर्षांपासून लिहिता काका?"

"अकरा," देवदत्तराव म्हणाले.

दहा म्हणाले असते तर तिथेच संशय आला असता. गोल आकडा दिसला की तपासणीवाला कान टवकारतो, हे ते नोकरीतच शिकले होते. अकरा म्हटल्यावर कोणी काही विचारलं नाही. उलट टाळ्या पडल्या. भय्यासाहेब तर गहिवरलेच. त्यांनी उभं राहून तिथल्या तिथे जाहीर केलं की, सहा आठवड्यांनी मंडळाच्या वर्धापनदिनी देवदत्तराव आपल्या अकरा वर्षांच्या अखंड लेखनातली निवडक पानं वाचून दाखवतील आणि यशश्रीताईंनीही पुन्हा यावं. ती म्हणाली, नक्की येते. देवदत्तरावांना त्या दिवशी पोहे गेले नाहीत.

घरी जाताना पत्नी सरोजिनीबाई चौकातल्या फुहाऱ्यापर्यंत काही बोलल्या नाहीत. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. समोरच्याला आपणहून कबूल व्हायला वेळ द्यायचा, ही त्यांची जुनी पद्धत. देवदत्तराव फुहारा ओलांडूनही कबूल होईनात, तेव्हा त्याच म्हणाल्या, "अकरा वर्षं? किराण्याची यादीसुद्धा मी लिहिते. काहून खोटं बोलले तुम्ही?"

"खोटं नाही. फक्त आधी बोललो. आता लिहून काढतो."

हिशेब सोपा होता. बेचाळीस दिवस, रोज एक पान. बेचाळीसातली दहा बरी पानं निवडायची आणि वर जुन्या तारखा घालायच्या. नाही लिहिलं तर चाळीस लोकांसमोर, म्हणजे जबलपुरात ज्या लोकांत आयुष्य काढायचं त्या सगळ्यांसमोर, आपण लबाड ठरणार. छत्तीस वर्षांत एक खोटं बिल ज्याच्या हातून गेलं नाही त्या माणसाचं निवृत्तीनंतर असं हसं व्हावं, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला.

शिस्तीची तयारी मात्र त्यांनी अशी केली की यशश्रीने पाहिली असती तर तिने स्वतःचं व्याख्यान मागे घेतलं असतं. नवी फाइल आणली. वर सुवाच्य अक्षरात 'लेखन' असं लिहिलं. हजेरीचा तक्ता आखला. वेळ ठरवली, सकाळी दहा ते अकरा, आणि सक्षम अधिकारी म्हणून सरोजिनीबाईंची नेमणूक केली. रजा लागली तर लेखी अर्ज द्यायचा. विनापरवानगी गैरहजेरी चालणार नाही. सरोजिनीबाईंनी नेमणूक स्वीकारली. त्यांच्याकडे लाल पेन होतंच.

राहता राहिलं टेबल. ते वरच्या खोलीतून खाली आणायचं होतं, आणि त्यांच्या दीक्षितपुऱ्यातल्या घरांचे जिने एका वेळी एकच माणूस जाईल अशा बेताने बांधलेले. सोमवारी सकाळी पावणेदहाला देवदत्तरावांनी वरून टेबल उचललं, खालून मुलगी अपूर्वाने धरलं, आणि मार्गदर्शन करायला शेजारचे आलोक तिवारी दारात येऊन उभे राहिले. बोलावलं नव्हतं, पण गल्लीत काही उचललं जाताना आलोकजी घरात बसून राहूच शकत नाहीत.

"भाईसाहब, थोड़ा तिरछा लीजिए."

घेतलं तिरकं.

"थोड़ा और."

आणखी घेतलं. टेबल वळणावर जे अडकलं ते वर जाईना की खाली येईना. देवदत्तराव वरच्या बाजूला, बाकीचं जग खालच्या बाजूला. "बाबा, अब हिलो मत," अपूर्वा म्हणाली, "और लैपटॉप पे लिहायचं ना यार, टेबल कशाला पाहिजे?" या पिढीला शिस्तीतलं काही कळत नाही, हे त्यांनी वरूनच सुनावलं. सुतार चारला येणार होता. घड्याळात दहा वाजले.

लेखनाचा पहिलाच दिवस आणि पहिल्याच दिवशी खाडा! देवदत्तरावांनी खिशातून कागद काढला, पायरीवर बसले आणि अर्ज लिहिला. विषय: एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत. 'महोदया, सविनय निवेदन आहे की, अर्जदार सध्या जिन्यात टेबलाच्या वरच्या अंगास असून खाली येण्याचा मार्ग बंद आहे. श्री. तिवारी यांनी आतापावेतो सतरा वेळा टेबल तिरके करण्यास सांगितले आहे. टेबल आता ज्या दिशेस आहे तिला नाव नाही. अर्जदाराची कन्या हसत आहे. अर्जदारासही आतून हसू येत आहे, परंतु पदाचा विचार करून त्याने ते दाबून ठेवले आहे.' असं करत करत पान भरलं. मग अर्ज टेबलाच्या पायांमधून खाली सरकवला. सरोजिनीबाईंनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचला आणि लाल पेनाने लिहिलं, 'मंजूर'.

मंगळवारी टेबल खाली आलं होतं, तर शाई नव्हती. बुधवारी शाई होती, तर विषय नव्हता. तास संपेपर्यंत त्यांनी कागदावर फक्त तारीख घातली आणि तीही एकदा खोडली. अर्ज मात्र दोन्ही दिवशी वेळेत गेला. गुरुवारी आलोकजी दारात आले. त्यांना सगळं समजलं होतं. दीक्षितपुऱ्यात गुपित राहायचं तर ते कोणाला सुचायलाच नको.

"भाईसाहब, घर में बैठके कोई लिखता है? नर्मदाजी के किनारे जाइए. मैया खुद लिखवा लेंगी."

देवदत्तराव शुक्रवारी ग्वारीघाटावर गेले. पायरी झाडली, फाइल मांडीवर घेतली, पेन उघडलं आणि पात्राकडे पाहत बसले. दोन मिनिटं झाली नसतील, तोच मझौलीहून स्नानाला आलेली एक म्हातारी शेजारी येऊन टेकली आणि तिने विचारलं, "लिखाई का क्या लेते हो भैया?" तिच्या हातपंपाचं पाणी आटलं होतं आणि तहसीलला अर्ज करायचा होता. देवदत्तरावांनी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला की आपण लेखक आहोत. म्हातारी म्हणाली, हो, म्हणूनच तर विचारते. आता हातात पेन, समोर गरजू, आणि अर्ज कसा लिहायचा हे सबंध घाटावर यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी लिहिला. इतका फक्कड लिहिला की म्हातारीने तो चार बायकांना दाखवला. तासाभरात रांग लागली. शेवटी सुखराम नावाड्यानेही नाव बांधायच्या जागेचं गाऱ्हाणं लिहून घेतलं, आणि वर त्यांच्या डोळ्यांदेखत एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "नए बाबूजी आए हैं, अच्छा लिखते हैं, रोज बैठेंगे."

नऊ अर्ज लिहून देवदत्तराव घरी आले ते दहाव्या अर्जासाठी बसले. 'महोदया, अर्जदाराने आज मैयाच्या साक्षीने स्वतःसाठी एक ओळही लिहिली नाही. मझौलीच्या बाईंचा पंप मात्र आता बहुधा सुरू होईल. पेन परत देताना त्यांनी अर्जदाराच्या डोक्यावर हात ठेवला. अर्जदाराच्या डोक्यावर आई गेल्यापासून कोणी हात ठेवला नव्हता, त्यामुळे अर्जदारास काही वेळ समोरचे नीट दिसत नव्हते. सबब रजा मिळावी.' सरोजिनीबाईंनी मंजूर लिहायला त्या दिवशी जरा वेळ लावला.

तेराव्या लेखी रजेनंतर नियमाची अडचण आली. किरकोळ रजा वर्षाला तेराच असतात. त्या संपल्या. अर्जित रजा मागायची तर ती आधी काम करून मिळवावी लागते, आणि देवदत्तरावांनी काम तर काहीच केलेलं नव्हतं. नियम त्यांना तोंडपाठ होते आणि स्वतःसाठी वाकवायची त्यांना सवय नव्हती. उरली वैद्यकीय रजा. तिला सर्टिफिकेट लागतं.

ते गल्लीच्या टोकाच्या होमिओपॅथकडे गेले.

"तकलीफ क्या है?"

"लिहिता येत नाही," देवदत्तराव म्हणाले. मग लक्षात आलं. "लिखते नहीं बनता."

डॉक्टरांनी उजवा हात उलटसुलट करून पाहिला, मनगट दाबलं, जीभ काढायला लावली, लहानपणी अंधाराची भीती वाटायची का ते विचारलं आणि हाताला कोपरापर्यंत पांढरी पट्टी बांधून चार आठवड्यांची विश्रांती लिहून दिली. देवदत्तराव जे घेऊन परतले ते सर्टिफिकेट कायदेशीर होतं. पण रोजचा अर्ज तर चुकवायचा नव्हता, म्हणून पट्टीतून पेन खुपसून, वेडंवाकडं का होईना, पानभर लिहीत राहिले. कुठे काय झालं, कोण काय म्हणालं, सगळं सविस्तर. कारणं सविस्तर दिली नाहीत तर रजा उडते.

गल्लीने पट्टी पाहिली आणि व्हायचं ते झालं. "लिख-लिख के हाथ चला गया बेचारे का," असं आलोकजींनी दोन दिवसांत पार फुहाऱ्यापर्यंत पोचवलं. तिसऱ्या दिवशी भय्यासाहेब पपई घेऊन घरी हजर.

"देवदत्तराव, धन्य आहे तुमची! हाताची अशी दशा, अन् तरी लिहून राहिले?" टेबलावर अर्धा झालेला अर्ज पाहून त्यांनी भक्तिभावाने नजर वळवली. "नाही नाही, आत्ता नाही वाचणार. त्या दिवशीच ऐकू." जाताना त्यांनी निमंत्रणपत्रिका दिली. त्यावर ठळक अक्षरात छापलं होतं: 'अकरा वर्षांचं अखंड लेखन: श्री. देवदत्त सुभेदार यांच्याशी हितगुज. शिस्त, प्रेरणा, कुतूहल.' पपई गोड निघाली, आणि त्याचाच देवदत्तरावांना जास्त त्रास झाला.

असं करता करता एक्केचाळीस दिवस गेले. फाइलमध्ये एक्केचाळीस अर्ज आणि लेखन शून्य. शनिवारी संध्याकाळी देवदत्तरावांनी शेवटचा उपाय काढला. ताप, थंडी आणि चक्कर या कारणांनी उद्याच्या कार्यक्रमास गैरहजर राहण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज त्यांनी सक्षम अधिकाऱ्यांपुढे ठेवला. सरोजिनीबाईंनी तो वाचला. अर्ज चार ओळींचा होता. त्यांनी लाल पेन उघडलं आणि पहिल्यांदाच लिहिलं, 'नामंजूर'.

"अगं, पण हसं होईल माझं!"

"होऊ द्या. पण हे खोटं आहे. आधीचे एक्केचाळीस खरे होते." त्या उठल्या. "उद्या जा अन् खरं सांगून टाका. मी तिसऱ्या रांगेत बसते."

रविवारी देवदत्तराव हाताला पट्टी आणि काखेत फाइल घेऊन व्यासपीठावर गेले. फाइल अशासाठी की, चौकशीला कागदपत्रांशिवाय उभं राहायचं नसतं. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत यशश्री, तिच्या शेजारी भय्यासाहेब, आणि मागच्या बाजूला पोह्यांच्या वासावर आलेले आलोकजी. देवदत्तरावांनी फाइल समोर ठेवली. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो पट्टीतून सटकला आणि अर्धं पाणी भय्यासाहेबांच्या निमंत्रणपत्रिकेवर सांडलं.

"मी अकरा वर्षं लिहीत आलेलो नाही," ते म्हणाले. "एक दिवसही लिहिलेलं नाही. त्या दिवशी खोटं बोललो. नंतर सहा आठवडे मिळाले, त्यातही एक पान लिहिता आलं नाही. हाताला काही झालेलं नाही." त्यांनी पट्टी सोडायला सुरुवात केली, पण ती बरीच लांब होती. भय्यासाहेबांनी कपाळाला हात लावला. "एवढंच सांगतो की, मी विनापरवानगी गैरहजर राहिलेलो नाही. प्रत्येक दिवसाचा रजेचा अर्ज आहे आणि तो मंजूर आहे. रेकॉर्ड सोबत आणलंय."

"एखादा वाचता का काका?" यशश्रीने विचारलं.

त्यांना वाटलं, तपासणी सुरू झाली. त्यांनी निमूटपणे फाइल उघडून पहिला अर्ज वाचला. टेबलाच्या दिशेला नाव नाही, इथे पहिला हशा आला. देवदत्तरावांनी दुखावून वर पाहिलं आणि पुढचा वाचला. आलोकजींच्या सल्ल्याच्या अर्जाला आलोकजी मागून उठून ओरडले, "अरे, ऐसे थोड़ी बोला था मैंने!" आणि सगळं सभागृह हसलं, आलोकजींसकट. मझौलीच्या बाईंच्या अर्जाला मात्र कोणी हसलं नाही. आठ अर्ज झाले, दहा झाले. पोहे येऊन निवले, तरी कोणी उठलं नाही. मागची कॉलेजातली पोरं, जी घरी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतात, तीसुद्धा "अंकल, एक और!" म्हणत होती.

"म्हणजे एक्केचाळीस दिवसांत एक्केचाळीस पानं," शेवटी यशश्री म्हणाली. "काका, मी स्वतः महिन्यात वीसच्या वर जात नाही हो."

"छे छे," देवदत्तराव घाईने म्हणाले, "हे लेखन नाही. हा पत्रव्यवहार आहे." याच्याही टाळ्या पडल्या. आपण काय विनोद केला, ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

दुपारी घरी आले ते हवेतच. आपलं हसं झालं, पण लबाड कोणी म्हटलं नाही, हे एकदा ध्यानात आल्यावर त्यांना जोर चढला. टेबलाशी बसून त्यांनी नवी फाइल काढली. "सरू, आजपासून अर्ज बंद! आता खरं लेखन. ऐतिहासिक कादंबरी. आपले मूळ सुभेदार घोड्यावरून इकडे आले तिथून सुरू करायची. पाचशे पानं!"

सरोजिनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. "बंद?"

"मग काय! तुझीही सुटका. रोज वाचायचं, सही करायची."

त्या समोर येऊन बसल्या. तांब्या हातातच राहिला. "चौतीस वर्षं तुम्ही संध्याकाळी घरी यायचे. मी रोज विचारायची, काय झालं आज? तुम्ही बूट काढायचे अन् म्हणायचे, काही नाही. रोज. मला वाटायचं, खरंच काही होत नसेल. नाहीतर मला सांगण्यासारखं नसेल. या सव्वा महिन्यात मला पहिल्यांदा समजलं की तुम्ही दिवसभर काय पाहता, कशाला घाबरता. तुम्हाला टेबलाचं हसू येऊन राहिलं होतं, हे मला अर्जातून समजलं; तोंडाने तर तुम्ही ओरडून राहिले होते. मी सकाळपासून वाट पाहायची, आज काय लिहून देता म्हणून. अन् आता म्हणता बंद. त्या घोड्यावरच्या सुभेदारांशी मला काय करायचं आहे हो?"

देवदत्तरावांना फार वाईट वाटलं. असं वाईट त्यांना नोकरीत वरिष्ठांनी चारचौघांत फैलावर घेतलं होतं तेव्हाही वाटलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण चौतीस वर्षांचं न बोलणं एका दुपारीत थोडंच सुटतं? त्यांनी कादंबरीची फाइल बाजूला सारली, एक कागद ओढला आणि लिहिलं. 'महोदया, सविनय निवेदन आहे की, अर्जदारास आज व्यासपीठावर अतिशय भीती वाटली. आपण तिसऱ्या रांगेत होता म्हणून अर्जदार उभा राहू शकला. हे तेव्हाच सांगायला हवे होते. रजा नको आहे. केवळ वाचावे, ही विनंती.'

सरोजिनीबाईंनी वाचलं. डोळे पदराने टिपले. मग लाल पेन हातात घेऊन म्हणाल्या, "हे आजचं झालं. अन् त्या चौतीस वर्षांचं पेंडिंग?"

"ते... ते सगळं लिहून काढावं लागेल."

"मग बसा. मी चहा ठेवते."

देवदत्तरावांनी नवा कागद घेतला. शिस्तीत, म्हणजे पहिल्यापासून. 'महोदया, सविनय निवेदन आहे की, अर्जदार नोकरीत रुजू झाला त्या दिवशी...' इथे पेन थांबलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "सरू, मी पहिल्या दिवशी ऑफिसला गेलो तेव्हा डब्यात तू काय दिलं होतं गं? त्या भरल्या वांग्यांचं कौतुक सगळ्या ऑफिसने केलं होतं, ते राहूनच गेलं सांगायचं!"

आतून भांड्यांचा आवाज बंद झाला. "तेव्हा आपलं लग्न कुठं झालं होतं?"

देवदत्तरावांनी हळूच पेनाला टोपण लावलं.

सरोजिनीबाई चिमटा हातात घेऊनच बाहेर आल्या, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "वांगी कोणाची होती, ते लिहा आधी. सविस्तर."